सातपूरची क्लिप चीनला कशी गेली

१९९४ साली नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात दोन पॉवर प्रेस टाकून आम्ही सुरुवात केली. वडिलांची उभी नोकरी टूलरूममध्ये गेलेली. डाय, म्हणजे पट्टीला आकार देणारा प्रेसमधला साचा, ते स्वतः घासायचे, माल मी पोचवायचो. स्विचगिअरमध्ये, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या सामानात, बसणारी पितळी टर्मिनल क्लिप हा आमचा मुख्य माल, आकार अंगठ्याच्या नखाएवढा. पट्टी कापायची, भोक पाडायचं, वाकवायचं. तीन ऑपरेशन, तीन प्रेस, प्रत्येक प्रेसवर एक माणूस. २००३ पर्यंत अकरा प्रेस आणि सव्वीस माणसं झाली होती.

२००४ मध्ये आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाच्या पर्चेस ऑफिसरने टेबलावर दोन क्लिपा ठेवल्या. एक आमची, एक चीनची. ‘तुमची एक रुपया दहा पैसे. ही इथे पोचून सत्तर पैसे पडते. तुम्हीच सांगा, मी काय करू?’ मी चीनच्या क्लिपेच्या कडेवरून बोट फिरवलं. बर, म्हणजे कापताना कडेला राहते ती खरखरीत धार, नव्हती. आमच्या क्लिपेला थोडी होती, तेवढी चालते असं आम्ही धरून चाललो होतो. तीन महिन्यांत ती ऑर्डर गेली.

तेव्हा सगळीकडे एकच बोललं जायचं: तिकडे मजुरी स्वस्त, त्यांचं सरकार पैसे देतं, आपण काय करणार. मलाही ते पटायचं. २००५ ला ग्वांगझोऊच्या प्रदर्शनाला गेलो आणि तिथून पुढे वेन्झोऊजवळच्या लिउशी गावात. कमी दाबाच्या विजेच्या सामानाचं ते मोठं केंद्र आहे. तिथे एका शेडमध्ये आमचीच क्लिप बनताना पाहिली. एका टोकाने पितळेची कॉइल आत जात होती आणि दुसऱ्या टोकाने तयार क्लिपा पेटीत पडत होत्या. कापणं, भोक, वाकवणं सगळं एकाच प्रेसवर ओळीने करणारी प्रोग्रेसिव्ह डाय, पट्टी आपोआप पुढे सरकवणारा ऑटो फीडर, चार प्रेसवर एकच मुलगा. त्या मुलाचा पगार दुप्पट केला असता तरी क्लिपेच्या भावात पैशाचाही फरक पडला नसता. प्लेटिंगवाला समोरच्या गल्लीत, स्प्रिंगवाला त्याच्या शेजारी. आमची पट्टी जामनगरहून यायची, जकात नाक्यावर अर्धा दिवस उभी राहायची, प्लेटिंगला आणखी तीन दिवस जायचे.

सवलत नव्हती असं नाही. निर्यातीच्या मालावर तिथे भरलेल्या व्हॅटचा परतावा मिळायचा. मी मात्र बँकेला साडेतेरा टक्के व्याज भरत होतो आणि गिऱ्हाईक माझे पैसे चार-चार महिन्यांनी देत होतं. पंचेचाळीस दिवसांत पैसे देण्याचा कायदा २००६ मध्ये आला, पण जो ऑर्डर देतो त्याच्यावर केस कोण करणार? वेळेत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येणार नाही, ही तरतूद लागू व्हायला २०२४ उजाडलं. मधल्या अठरा वर्षांत आमच्या रांगेतले कितीतरी गाळे गोडाऊन झाले.

आयातीवरची शेवटची ७१५ वस्तूंची संख्याबंधनं १ एप्रिल २००१ ला उठली आणि त्याच डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. पेपरात वाचून मी पान उलटलं होतं. अमेरिकेत २००० साली कारखान्यांत सुमारे एक कोटी त्र्याहत्तर लाख माणसं होती, दहा वर्षांनी एक कोटी पंधरा लाखांच्या आसपास उरली. त्यातलं किती काम चीनने नेलं आणि किती मशीनने, यावर तिथे अजून वाद चालतो. लिउशीची ती शेड पाहिल्यापासून मला तो वाद आपल्या घरातला वाटतो.

आता दोषाचं बोलायचं तर त्यात मीही आहे, हे इथे लिहायलाच हवं. २००६ मध्ये मी ती क्लिप स्वतः मागवायला लागलो. त्याच गिऱ्हाइकाला विकायची, बनवण्यापेक्षा सुटायचंही जास्त. सात माणसं कमी केली. त्यात आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर होते, त्यांना आम्ही मामा म्हणायचो. हिशोब घेताना ते एवढंच म्हणाले, ‘शेठ, प्रेस विकायची झाली तर निरोप द्या. पुसून देतो.’ पर्चेस ऑफिसरला वरून दरवर्षी भाव कमी करण्याचं टार्गेट असतं. मला तसं कोणी सांगितलं नव्हतं. तो निर्णय माझा होता.

२००८ मध्ये डॉलर चाळीसच्या आतून पन्नासपर्यंत गेला. त्यातच एक कन्साईनमेंट अशी आली की क्लिप बसवताना तडकायची, पितळच कडक होतं. बदली माल यायला दीड महिना. गिऱ्हाइकाची लाईन थांबली, फोन मला आला. मी रात्री साडेनऊला श्रमिकनगरला मामांच्या घरी गेलो. त्यांनी विचारलं, ‘डाय कुठंय? तेल लावून ठेवलीये ना?’ वडिलांनी ठेवली होती. चार दिवस रात्रपाळ्या करून आम्ही माल दिला.

त्यानंतर घर तारण ठेवून फीडरची जुनी प्रेस घेतली आणि प्रोग्रेसिव्ह डाय आमच्याच टूलरूममध्ये बनवली. पहिल्या दोन डाय फुकट गेल्या, तिसरी चालली. आज ती क्लिप पुन्हा सातपूरला बनते. चीनपेक्षा थोडी महाग पडते, पण आठवड्यात हातात मिळते आणि बर नसते. तीन प्रेसवर मिळून एक माणूस लागतो. आम्ही आता सोळा जण आहोत, सव्वीस नाही. ऑर्डर परत आली तशी ती दहा माणसांची कामं परत आली नाहीत.

कमी केलेल्या सातांपैकी मामा धरून तिघे परत आले. मामा आता निवृत्त आहेत, दसऱ्याला प्रेसच्या पूजेचा नारळ मात्र त्यांच्याच हातून फुटतो. उरलेल्या चौघांपैकी एक जण रिक्षा चालवतो. पपया नर्सरीच्या सिग्नलला दिसला की हात करतो. मी गाडी बाजूला घेऊन थांबतो. मुलगी बारावीला आहे, असं परवा सांगत होता.