बॉस्टनचं आफ्रिकन मीटिंग हाऊस: सज्जाकडे बघायला विसरू नका

बॉस्टनला लेकीकडे आलेल्या आईवडिलांचं हार्वर्ड आणि चार्ल्स नदीत भागतं. आमचंही तेच. जॉय स्ट्रीटवरच्या आफ्रिकन मीटिंग हाऊस या कृष्णवर्णीयांच्या चर्चला जायला तिसरा आठवडा उजाडला.

पार्क स्ट्रीट स्टेशनला उतरा. गाडी आणू नका, बीकन हिलवर पार्किंग शोधण्यात सकाळ जाते. सोनेरी घुमटाच्या स्टेट हाऊससमोर अमेरिकन यादवी युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीचं ब्राँझचं स्मारक आहे. तिथून कृष्णवर्णीयांच्या इतिहासातल्या जागा दाखवणारी अडीच किलोमीटरची पायवाट, ब्लॅक हेरिटेज ट्रेल, सुरू होते आणि चर्चपाशी संपते. वाटेतल्या घरांत लोक राहतात, ती बाहेरूनच बघायची. पदपथ विटांचे, उंचसखल. मी चपला घालून गेले होते. तुम्ही बूट घाला.

चर्च १८०६चं, बांधणारे हात बहुतेक कृष्णवर्णीयांचेच. अमेरिकेत उभी असलेली त्यांची ही सर्वांत जुनी चर्चची इमारत. दारावर केटो गार्डनर हे नाव कोरलंय. आफ्रिकेत जन्मलेल्या या माणसाने एकट्याने दीड हजार डॉलरहून जास्त वर्गणी जमवली.

आत बाकावर बसून वर सज्जाकडे बघत राहिले. गोऱ्यांच्या चर्चमध्ये काळ्यांना सज्जातच बसवत, म्हणून तर हे वेगळं चर्च. आणि उद्घाटनाच्या दिवशी खालचे बाक राखीव होते हितचिंतक पाहुण्यांसाठी. घरची मंडळी पुन्हा सज्जात! आपल्याकडच्या पंगती आठवल्या. जोतीरावांनी १८७३ साली आपलं पुस्तक गुलामी मोडणाऱ्या अमेरिकनांना उगाच अर्पण केलं नव्हतं.

याच सभागृहात १८३२ साली पत्रकार विल्यम लॉइड गॅरिसनने गुलामगिरीविरोधी संस्था काढली. पुढे ज्यू मंडळींचं सिनेगॉग झालं, १९७२ साली आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयाने इमारत घेतली.

शेजारची १८३५ची अबिएल स्मिथ शाळाही आता याच संग्रहालयात आहे. तिथे घाई करू नका. पाच वर्षांच्या सारा रॉबर्ट्सला गोऱ्यांच्या पाच शाळा ओलांडून काळ्यांच्या या शाळेत जावं लागे. वडील कोर्टात गेले, १८५०मध्ये हरले. पण १८५५मध्ये राज्याने कायदाच बदलला.

सुट्टीचा वार आणि तिकीट आधी संकेतस्थळावर बघा, दोन तास हाताशी ठेवा. परतताना केंब्रिज स्ट्रीटकडे उतरून चार्ल्स एमजीएच स्टेशन गाठा. सगळा उतार आहे, गुडघे जपून.