पेटीवर रागावलेला साहेब

पांढरी एकला, म्हणजे पेटीच्या (हार्मोनियमच्या) पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा धरून, तानपुरा लावा आणि पेटीवर शुद्ध गांधार (ग) दाबून धरा. जवारी (घोडीवर तारेला मिळणारी झणकार) खुली असेल तर खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या सा-च्या, तारेतून एक गांधार आपसूक उमटतो. पेटीचा त्याहून चढा निघतो. अर्ध्या सुराचे १०० भाग केले तर जेमतेम १४ भाग, पण दोन मिनिटांत कान किटतात.

दुरुस्ती सोपी वाटते. पेटीतली पत्ती (सूर देणारी पितळी जीभ) बुडाशी घासली की सूर उतरतो, टोकाशी घासली की चढतो. पण तसा गांधार उतरवला आणि उद्या काळी एकचा, म्हणजे अर्धा सूर वर सा धरणारा, गवई आला, की तीच पत्ती त्याचा कोमल गांधार होते. तो बऱ्याचदा चढा हवा असतो! (दरबारी रागाचं नावच नको; त्याचा आंदोलित, म्हणजे झुलता, गांधार पेटीत मावत नाही.)

हेच दुखणं १९३८मध्ये आकाशवाणीच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचा प्रमुख जॉन फोल्ड्स तावातावाने लिहीत होता. १९४०च्या मार्चमध्ये रेडिओवर पेटीला बंदी आली आणि ती तीसेक वर्षं टिकली. एकट्या फोल्ड्समुळे नव्हे. रवींद्रनाथांनाही पेटी खपत नसे. बंदी पाहायला फोल्ड्स उरला नव्हता. १९३९च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यात तो पटकीने गेला.

आपल्याकडे त्याची आठवण निघालीच तर एवढ्यापुरती निघते. तिकडे इंग्लंडमध्येही फारशी निघत नाही. मँचेस्टरचा हा चेलोवादक. त्याचं ‘वर्ल्ड रिक्विएम’ (मृतांच्या शांतीसाठीची रचना) १९२३ ते १९२६ दरसाल लंडनमध्ये सादर झालं; १९२३ला अल्बर्ट हॉलमध्ये हजाराहून अधिक गायक-वादकांनी. मग थेट २००७पर्यंत शुकशुकाट.

ऐकायला मात्र मी ‘डायनॅमिक ट्रिप्टिक’ सुचवेन. १९२९ला पुरी झालेली ही पियानो आणि ऑर्केस्ट्राची रचना. पहिला भाग एकाच सात-स्वरी मेळात (स्वरसंचात) बांधलेला, बाहेरचा स्वर वर्ज्य. दुसऱ्यात पाव सूर, म्हणजे अर्ध्या सुराचेही अर्धे, येतात. पण पियानो म्हणजे पेटीचाच थोरला भाऊ, पट्ट्या ठोकून बसवलेल्या. मग फोल्ड्स पाव सुरांचं काम व्हायोलिनच्या ताफ्याकडे देतो. सगळ्या तारा एकदम पावा-पावाने घसरतात. इथे धोका हा, की एकाचंही बोट हललं तर ऐकणाऱ्याला बेसूरच वाटणार. जमलं तर खालची जमीन सरकल्यासारखी वाटते, आणि पियानो आपल्या पक्क्या पट्ट्यांवर तसाच चालत राहतो.