पाठीचा वाक मोजताना : माझा इंटर्नशिपचा अनुभव

विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप बंधनकारक आहे आणि बेळगावातील यांत्रिकी शाखेचे बरेच विद्यार्थी त्यासाठी उद्यमबागेतील कारखान्यांत जातात. मला बायोमेकॅनिक्सची, म्हणजे शरीराच्या हालचालींमागच्या यांत्रिकीची, ओढ होती. म्हणून प्राध्यापकांकडून मी ऊसतोड मजुरांच्या पाठीचा वाक पट्ट्याने अंगावर बांधलेल्या सेन्सरने मोजण्याचे काम मागून घेतले.

आधी नैतिकता समितीची मान्यता आली. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमती ही त्या माणसाला समजेल अशा भाषेत घ्यावी लागते आणि चिकोडी-निपाणीकडच्या फडात मराठी व कन्नड दोन्ही कानावर पडतात, त्यामुळे संमतीपत्र दोन्ही भाषांत तयार केले. एका मावशींनी ते वाचून घेतल्यावर विचारले, "पोरी, हे बांधल्यावर पाठ दुखायची थांबतंय काय गं?" दुखणे थांबणार नाही, पाठ किती वाकते एवढेच कळेल, असे मी सांगितले आणि मगच त्यांनी पट्टा बांधू दिला. माझ्या दृष्टीने खरी संमती तिथे झाली. अंगठा नंतर उमटला.

काडेपेटीएवढ्या सेन्सरमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोप असतो; पहिला त्वरण मोजतो, दुसरा वळण्याचा वेग. माणूस स्थिर असताना अ‍ॅक्सेलरोमीटरला केवळ गुरुत्वाचे त्वरण, म्हणजे सेकंदवर्गाला सुमारे 9.8 मीटर, जाणवते आणि त्यावरून कल काढता येतो. परंतु कोयत्याचा घाव बसला की हादऱ्याचे त्वरणही त्यात मिसळते. जायरोस्कोपवर हादऱ्याचा परिणाम कमी होतो, मात्र त्याच्या मापातील बारीक चूक क्षणाक्षणाला साचत जाऊन कोन भरकटतो. म्हणून दोघांची सांगड घालणारा गणिती फिल्टर लावावा लागतो.

गणितापेक्षा पट्ट्याने अधिक कस पाहिला. एक सेन्सर कमरेखाली माकडहाडाच्या वर आणि दुसरा दोन खांद्यांच्या मध्ये बांधला, कारण दोन्ही कोनांच्या वजाबाकीतूनच कंबर किती वाकली आणि खुब्यातून किती झुकले हे वेगळे करता येते. घामाने खालचा पट्टा सरकत असे. त्यामुळे प्रत्येक सरी धरण्यापूर्वी मजुराला काही क्षण ताठ उभे करून तीच स्थिती शून्य मानली.

उसाच्या बुडख्याकडे साखर अधिक असते, म्हणून तोड जमिनीलगतच करावी लागते. कामाच्या वेळच्या शरीरस्थितीचा धोका गुणांत मोजणाऱ्या, 1993 मध्ये मांडलेल्या रूला (RULA) पद्धतीत धड 60 अंशांपेक्षा अधिक वाकल्यास सर्वाधिक धोक्याचा गुण दिला जातो आणि आमच्या आलेखांत तोडणीचा बराचसा काळ रेघ त्याच्या वरच राहिली. लांब दांड्याच्या कोयत्याने हा वाक किती कमी होतो, हे याच पट्ट्यांनी तपासण्याचा प्रस्ताव मी अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी दिला आहे.