बरणीतली कंदमाशी

ऑगस्ट संपत आला की हळदीच्या पट्ट्यात पीक संरक्षणाचं काम करणाऱ्याला दिवसभर एकच प्रश्न ऐकू येतो. वसमत, औंढा, अर्धापूर, फोन कुठूनही असो, "मॅडम, कंदमाशी आली, काय मारू?" कंदमाशी म्हणजे जिच्या अळ्या हळदीच्या गड्ड्यात सापडतात ती. माशी पाहिली का, कुठं पाहिली, हे मागाहून. त्यामुळे वसमत तालुक्यातले एक काका लोणच्याच्या रिकाम्या बरणीत किडेच भरून केंद्रावर आले, तेव्हा मला खरं तर बरं वाटलं.

"रातच्याला लाइटीखाली हेच, सकाळी हळदीत हेच," ते म्हणाले. दुकानदाराने फोटो पाहून सगळ्या रानाला पुरेल एवढं औषध बांधून दिलं होतं. गडी पंप घेऊन बांधावर थांबला होता. काकांना माझ्याकडून फक्त होकार हवा होता.

मी बरणी उजेडात धरली. आत लांब पायांच्या पिवळसर माश्या झाकणाशी धडपडत होत्या आणि तळाशी सुट्या पायांचा नुसता खच. मला तिथंच शंका आली. ही कंदमाशी नव्हे, क्रेन फ्लाय असावी, मोठ्या डासासारखी दिसणारी, लांब पायांची वेगळीच माशी. तिचा पाय मांडीच्या मुळाशी, ठरलेल्या सांध्यात, सहज तुटतो. पक्ष्याने, कोळ्याने किंवा आपण बोटांनी धरला, तर ती पाय सोडून निघून जाते. प्रौढ माशीला तो पाय पुन्हा फुटत नाही, तरी तीन-चार पायांवर तिचं भागतं. कंदमाशी अशी पाय टाकत सुटत नाही.

घोळ होण्याचं कारण आमच्याच खात्यांच्या घडीपत्रिकांमध्ये आहे. कंदमाशी डासासारखी, पण मोठी, लांब पायांची, असं वर्णन त्यांत असतं. खोटं नाही, पण अपुरं आहे. कारण या वर्णनात कंदमाशीपेक्षा क्रेन फ्लायच जास्त चपखल बसते! प्रत्यक्षात दोघींचं नातं लांबचं. हळदीची कंदमाशी म्हणजे मिमेग्राला सेरुलीफ्रॉन्स. ती घरमाशीच्या बाजूची, मिशा आखूड, तीन पेरांच्या, वर एक केस. क्रेन फ्लाय डासांच्या बाजूची, तिच्या मिशा लांब, अनेक पेरांच्या. भिंग हातात असलं की एवढ्यावरच निकाल लागतो.

काकांना मात्र माझ्या निकालात रस नव्हता. "म्या डोळ्यांनी पाह्यलं. शेपूट मातीत खुपसत होती. कंदाला भोक पाडायलीय ती. नाही तर मातीत कामून खुपसंल?"

प्रश्न बिनतोड होता. मी त्यांना आत बोलावलं आणि एक मादी पेट्रीडिशमध्ये घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. हे काम मी नेहमी एकटीने करते. त्या दिवशी बोलत बोलत केलं, आणि गंमत म्हणजे त्यामुळे मीच जास्त नीट पाहिलं.

आधी पाठ. पंख जिथं जोडलेले असतात त्या भागावर इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची खोल घळ दिसते. क्रेन फ्लायची ही पहिली खूण. मग डोकं. दोन मोठे संयुक्त डोळे आहेत, पण त्यांच्यामध्ये, टाळूवर, बऱ्याच माश्यांना असतात ते तीन साधे डोळे नाहीत. तोंड पुढे सोंडेसारखं निघालेलं, पण त्यात टोचायची सुई नाही. "मग चावत नाही?" नाही. रक्त पीत नाही, पानाला भोक पाडत नाही. फार तर मध किंवा पाणी चाटते. तोंडाजवळच्या दोन स्पर्शकांचं शेवटचं पेर लांबलचक, चाबकासारखं लवणारं होतं आणि सोंडेच्या टोकावर पुढे आलेला छोटा सुळका होता. म्हणजे ही टिप्युलिडी कुळातली. क्रेन फ्लायच्याच लिमोनिडी कुळात ते पेर आखूड असतं.

पंखांच्या मागे देठावर गाठ असलेले दोन छोटे दांडे दिसत होते. सगळ्या माश्यांमध्ये मागच्या पंखांचं हेच झालेलं असतं. उडताना तोल राखायला ते कामी येतात. क्रेन फ्लायमध्ये ते नुसत्या डोळ्यांनी दिसतात. काकांनी सूक्ष्मदर्शक सोडून बरणीतच पाहून खात्री केली.

सगळ्यात वेळ गेला पंखांत. डासाच्या शिरांवर खवले असतात, इथं नाहीत. मुळाकडच्या दोन शिरा पार कडेपर्यंत गेलेल्या. डासात तशी एकच जाते. पंखाच्या मधोमध एक बंद कप्पा असतो आणि टोकाकडचा एक कप्पा त्याला जिथं भिडतो तिथं पाहायचं. टिप्युला या प्रजातीत त्याला देठ असतो. इथं तो बिनदेठाचा, थेट टेकलेला. त्यात पिवळ्या पाठीवर तीन चकचकीत काळे पट्टे. म्हणजे ही क्रेन फ्लायमधली नेफ्रोटोमा प्रजाती.

आता शेपूट. नराच्या पोटाचं टोक फुगीर, गदेसारखं; मादीचं निमुळतं, टोकदार. काकांनी पाहिलेलं खरंच होतं, ती मातीत टोक खुपसत होती. पण अंडी घालायला, आणि तेही ओल्या भुसभुशीत जागी. ते टोक कंदाची साल फोडू शकत नाही. काका थोडे नरमले. "मग हळद पिवळी कामून पडली?"

याचं उत्तर खोलीत बसून देता येत नव्हतं. त्यांच्याच मोटारसायकलवर मागे बसून गेले.

रान चांगलं होतं. गादीवाफे, ठिबक, भरपूर शेणखत. वरच्या अंगाला पानांच्या सावलीत क्रेन फ्लाय लोंबकळत होत्या, वाफ्यावर त्यांच्या कोषांची रिकामी टरफलं मातीतून अर्धी वर आलेली होती. एके ठिकाणी बोटाने उकरलं तर मातकट, चिवट कातडीची अळी निघाली. तळहातावर घेतल्याबरोबर तिने डोकं आत ओढून घेतलं. मागच्या टोकाला श्वासाची दोन छिद्रं आणि भोवती मांसल बोटं. ही कुजलेलं शेणखत, पाचोळा खाते. या कुळातल्या सगळ्याच अळ्या अशा गरीब नसतात, हेही सांगायला हवं. युरोपातल्या काही जातींच्या अळ्या गवताची मुळं खातात. १९३५ मध्ये त्यांनी लॉर्ड्सच्या मैदानाचीच दैना केली होती. ही गोष्ट काकांच्या पोराला फार आवडली. पण इथं ज्या वाफ्यांत या अळ्या भरपूर होत्या, तिथली हळद कमरेएवढी आणि हिरवीगार होती.

पिवळी हळद खालच्या कोपऱ्यात होती, जिथं पावसाचं पाणी तुंबलं होतं. एक मधला सुरळीचा कोंभ ओढला तर अलगद हातात आला. गड्डा मऊ, घाण वासाचा, आणि आत पांढुरक्या अळ्या वळवळत होत्या, बिनडोक्याच्या, तोंडाशी फक्त काळे आकडे. कंदमाशीच्या. कूज आधी की माशी आधी, हा आमच्यातला जुना वाद आहे. मी तरी असल्या तुंबलेल्या कोपऱ्यात आधी पाण्याला धरते.

आणि मग खुद्द माशीही सापडली. शेजारच्या पानावर, काळीसावळी, पंखांवर राखाडी डाग, पुढचे दोन आखूड पाय समोर धरून मिशांसारखे हलवत बसलेली. त्या पायांची टोकं पांढरी. काका तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. "ही? हिला तर म्या मुंगळा समजत व्हतो."

गड्याला पंप धुवायला सांगितलं. सगळ्या रानावर फवारून हाती काहीच लागलं नसतं, कारण अळी गड्ड्यात आणि गड्डा मातीत. काम त्या कोपऱ्याचं होतं: सडलेली झाडं गड्ड्यासकट उपटून रानाबाहेर न्यायची, चर काढून पाणी काढून द्यायचं, उघडे पडलेले गड्डे भरणी करून मातीने झाकायचे. माशीसाठी एरंडीचं बी. पसरट तोंडाच्या भांड्यात २०० ग्रॅम भरडलेलं बी आणि एक-दीड लिटर पाणी, एकरी दोन-तीन भांडी. आठ-दहा दिवसांत ते आंबलं की वासाने माशी येऊन पडते. वास माणसालाही सोसत नाही, भांडी घरापासून लांब ठेवा, हे मी मुद्दाम सांगितलं. दुकानदार औषध परत घेणार नाही, अशी काकांची खात्री होती. पण खोकी फोडलेली नव्हती, त्याने घेतलं.

बरणीतले दोन नर मी ठेवून घेतले. नेफ्रोटोमापर्यंत पंख पोचवतात, पुढे जात ठरवायची तर नराचं शेपूटच लागतं. ते कापून दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करायचं, ग्लिसरीनमध्ये ठेवून आतले चिमटे कोणत्या आकाराचे ते पाहायचं आणि चित्रांशी ताडायचं. भारतातल्या या माश्यांसाठी कीटकतज्ज्ञ ब्रुनेट्टीचा १९१२ चा ग्रंथ अजून उघडावा लागतो आणि त्यानंतर चार्ल्स अलेक्झांडरचे निबंध. या एका माणसाने जगभरातल्या दहा हजारांवर क्रेन फ्लायना नावं दिली! रोजच्या फोनांच्या मधे ते काम हळूहळूच होतं.

पुढच्या पंधरवड्यात काकांचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला. एरंडीच्या भांड्यात काळ्या माश्या तरंगताहेत आणि कडेला एक पिवळी पडलीय. खाली लिहिलं होतं: "पिवळी आपली नाही, मिशा लांब हायत. चर काढली. बाकीच्या ग्रूपवर टाकू का?"

टाका म्हटलं.