तुम्ही विचारलंत म्हणून : ते फोटो मी खुले का करत नाही

फेब्रुवारी सरत आला की मी काढलेल्या जुन्या फोटोंसाठी फोन सुरू होतात. कुणाला आठ मार्चच्या प्रदर्शनासाठी १९८० चा मोर्चा हवा असतो, कुणाला प्रबंधासाठी गिरणी संपातल्या बायका, कुणाला नामांतराच्या सभा. जमेल तेवढं मी देते. आणि फोन ठेवता ठेवता तो प्रश्न येतोच : ताई, एवढा ठेवा घरात का ठेवलाय? सगळं स्कॅन करून नेटवर का टाकत नाही? हा इतिहास काय तुमच्या एकटीचा आहे?

गेली पंधरा वर्षं मी याची वेगवेगळी उत्तरं देत आले. त्यातली काही खोटी होती. म्हणून आता एकदा नीट लिहिते.

सगळ्यात सोयीचं उत्तर २६ जुलैचं. २००५ मध्ये त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आम्ही तेव्हा कलिन्यात तळमजल्यावर राहायचो. कमरेएवढं पाणी आत आलं. पलंगाखालच्या दोन ट्रंकांमधल्या निगेटिव्हचे बटर पेपर एकमेकांना चिकटले. पुढचे पंधरा दिवस मी आणि माझी भाची बादलीत स्वच्छ पाणी घेऊन एकेक पट्टी सोडवत होतो आणि कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी अडकवत होतो. ‘पुरात गेलं हो’ म्हटलं की पुढचा माणूस गप्प होतो. पण त्या ट्रंकांमध्ये बहुतेक लग्नं, उद्घाटनं, कारखान्यांची माहितीपत्रकं असली पोटापाण्याची कामं होती. मोर्चे माळ्यावर होते. ते कोरडे राहिले.

दुसरं उत्तर बुरशीचं आणि पैशाचं. ते खरं आहे. मुंबईच्या दमट हवेत फिल्मवरच्या जिलेटिनला बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. तेव्हा परवडायची ती ऑर्वो कंपनीची फिल्म. शंभर फुटांचा रोल आणून मी घरीच अंधारात कापून कॅसेट भरायची. त्यातल्या काही पट्ट्यांना आता व्हिनेगरचा वास येतो. हा वास आला म्हणजे फिल्मचा मूळ पायाच सडायला लागला. तो सड लांबवता येतो, परतवता येत नाही. हे सगळं खरं असलं तरी यावर मार्ग होते. मुंबईतच ‘स्पॅरो’सारखी संस्था १९८८ पासून बायकांचे आवाज आणि चित्रं जपते आहे. भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांनी आपला संग्रह हयातीतच, जुने फोटो जपणाऱ्या अल्काझी फाउंडेशनकडे सोपवला. मला वाट माहीत नव्हती असं नाही. मी त्या वाटेला गेले नाही.

आता खरं उत्तर. त्यासाठी मला १९८० मधल्या माझ्याशी भांडावं लागतं.

त्या वेळच्या मला कसलीही शंका नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने मथुरा नावाच्या मुलीवरच्या बलात्काराच्या खटल्यातल्या पोलिसांना सोडल्यावर चार कायदेतज्ज्ञांनी खुलं पत्र लिहिलं, आणि आठ मार्चला बायका रस्त्यावर आल्या, त्या गर्दीत मी पेंटॅक्स घेऊन होते. एखादीने कॅमेरा पाहून तोंडावर पदर ओढला की मला राग यायचा. मी म्हणायची, ‘लाज त्यांना वाटू दे, तू का तोंड लपवतेस?’ दिसणं म्हणजेच सुटणं, असं मी मानत होते. चारचौघींना सांगतही होते.

आज त्या मोर्चाच्या कॉन्टॅक्ट शीटवर, म्हणजे रोलच्या सगळ्या फ्रेम बारीक आकारात एकत्र छापलेल्या कागदावर, भिंग धरते तेव्हा फलकांवरचं नाव आधी दिसतं. मथुरा, मथुरा, मथुरा. निकालपत्रातच ते नाव होतं, आम्ही तिथूनच उचललं. तिला विचारायला आमच्यापैकी किती जणी गेल्या होत्या? त्या आंदोलनाच्या रेट्याने १९८३ मध्ये कायदा बदलला आणि त्याच दुरुस्तीत कलम २२८-क आलं : बलात्कार झालेल्या बाईची ओळख उघड करणं गुन्हा. म्हणजे तिच्या नावाने लढून आम्ही जो कायदा आणला, त्याने पुढच्या बायकांची नावं झाकली. तिचं उघडंच राहिलं. त्यानंतर कित्येक वर्षं पत्रकार तिचं दार शोधत जात राहिले. ती लढाई चुकीची होती असं मी मुळीच म्हणत नाही. ती झाली नसती तर काय झालं असतं हे मला चांगलं ठाऊक आहे. पण या पट्ट्या जशाच्या तशा नेटवर टाकताना माझा हात अडतो.

आणि तो अडतो तो मुख्यतः एका बाईमुळे.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध. एका तालुक्याच्या गावी परित्यक्तांचा मोर्चा होता. तालुक्याचं नाव लिहीत नाही. रात्रीच्या एसटीने गेले, पहाटे स्टँडवर उतरले. नऊ वाजेपर्यंत वाड्यावस्त्यांवरून दीडदोनशे बायका जमल्या. मागण्या साध्या होत्या : रेशनकार्डावर स्वतःचं नाव, राहायला घर, वेळेवर पोटगी. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली तेव्हा पोटगी जास्तीत जास्त महिना पाचशे रुपये मिळू शकायची. ती मर्यादा २००१ पर्यंत तशीच होती. आणि त्या पाचशेसाठीसुद्धा बायका वर्षानुवर्षं तारखा घेत होत्या.

ती पहिल्या रांगेत होती. कडेवर दीडेक वर्षाची मुलगी, दुसरा हात वर, मूठ वळलेली, तोंड घोषणेत उघडं. कचेरीच्या पायऱ्यांवरचं ऊन बरोबर तिच्या चेहऱ्यावर. फोटोग्राफर ज्या क्षणासाठी दिवसभर उन्हात उभा राहतो तो क्षण. मी पाठोपाठ फ्रेम घेतल्या. नाव विचारलं, गाव विचारलं, वहीत लिहिलं. तिने सांगितलं. छापू का, हे मी विचारलं नाही. मोर्चात आलेली बाई, तिला काय विचारायचं, असंच तेव्हा सगळे समजायचे.

फोटो चार कॉलमी छापून आला. खालची ओळ मी लिहिली नव्हती, डेस्कवर कुणी तरी लिहिली. पण नाव आणि गाव माझ्याच वहीतलं. ‘नवऱ्याने टाकलेल्या’ या शब्दांनी ओळ सुरू होत होती. मला शाबासकी मिळाली. पुढे त्या फोटोचं पोस्टर झालं.

चार महिन्यांनी त्या भागात पुन्हा काम निघालं तेव्हा तिच्यासाठी आठ बाय दहाची प्रिंट करून नेली. मोरीत लाल दिवा लावून रात्री धुतलेली, फोटो पक्का करणारं हायपो हे रसायन निघून जावं म्हणून तासभर नळाखाली धरलेली. पण ती बाई वहीत लिहिलेल्या गावी नव्हती. भावाकडे राहत होती, त्या भावाने फोटो छापून आल्यावर आठ दिवसांत तिला बाहेर काढलं होतं. त्याच्या बहिणीला ‘टाकलेली’ म्हणून सबंध जिल्ह्याने वाचलं होतं. पोटगीच्या तारखेला नवऱ्याच्या वकिलाने तेच कात्रण पुढे ठेवलं : बाई संघटनेत फिरते, तिला काय कमी आहे? ती दुसऱ्या गावात एका मळ्यावर, विहिरीच्या इंजिनाच्या खोलीत राहत होती.

मी पाकीट दिलं. तिने प्रिंट काढली. बराच वेळ बघितली. मुलीला दाखवली. मग पालथी करून पिठाच्या डब्याखाली सरकवली आणि म्हणाली, ‘फोटु लई चांगला हाय ताई. पर आता मी कुठं ऱ्हाऊ, त्ये बी छापा की.’

माझ्या पर्समध्ये दीडशे रुपये होते, ते पुढे केले. तिने घेतले नाहीत. चहा मात्र केला. मी तो प्यायले आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले.

लोक म्हणतात, तिला भावाने काढलं, नवऱ्याने टाकलं, तुम्ही कशाला अंगावर घेता? मीही स्वतःला हे पुष्कळदा सांगितलं. फोटो नसता तरी भाऊ कधी तरी उलटला असता. असेल. पण त्याच्या हातात कारण मी दिलं.

दिल्लीत हुंडाबळींविरुद्धच्या निदर्शनांचे फोटो काढणाऱ्या शीबा छाछी यांनाही पुढे अशा फोटोंबद्दल प्रश्न पडले. त्यांनी ओळखीच्या कार्यकर्त्या मैत्रिणींना स्वतःच ठरवू दिलं की कुठे बसायचं, हातात काय धरायचं, कसं दिसायचं. मला ते कळलं तेव्हा माझी उमेदीची वर्षं सरत आली होती. आणि गर्दीचं काय करणार? दोनशे बायकांना कुठे शोधणार? तेव्हा गर्दीत चेहरा हरवायचा. आता एका चेहऱ्यावरून यंत्र माणूस शोधून काढतं. तेव्हा मोर्चात आलेल्या बाईने त्या एका दिवसापुरतं दिसणं पत्करलं होतं, पुढच्या चाळीस वर्षांसाठी नाही.

इथवर लिहून मी थांबू शकले असते. गेल्या पावसाळ्यापर्यंत थांबतही होते.

गेल्या पावसाळ्यात त्या तालुक्यातल्या एका जुन्या कार्यकर्तीने कुणाला तरी माझ्याकडे आणलं. चाळिशीकडे झुकलेली बाई, आशा सेविका. बसल्या बसल्या तिने मोबाइल पुढे केला. महिला दिनाचा शुभेच्छा संदेश, गुलाबाची फुलं, आणि मध्ये माझा फोटो, पोस्टरवरून उचललेला. तिने कडेवरच्या मुलीवर बोट ठेवलं. ‘ही मी.’

आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. डब्याखालची ती प्रिंट एका पावसात गळक्या पत्र्याखाली भिजून गेली. घरात आईचा दुसरा फोटो एकच, मतदान ओळखपत्रावरचा.

मी माळ्यावरून तो रोल काढला. पट्टी ट्यूबलाइटपुढे धरली. तिच्या आईच्या अकरा फ्रेम होत्या. एक छापून आलेली. नऊ तशाच, मूठ, घोषणा, थोड्या हललेल्या. आणि एक, २३ए : मोर्चा संपलाय, आई झाडाखाली बसून मुलीला भाकरीचा तुकडा भरवते आहे आणि शेजारणीच्या कसल्याशा बोलण्यावर दात दाखवून हसते आहे. तीस-पस्तीस वर्षांत मी ती फ्रेम एकदाही मोठी केली नव्हती. ती मोर्च्याची वाटत नव्हती.

मुलीने तीच मागितली. मग विचारलं, ‘तुमच्याकडं अशा किती जणी हायत?’ मी म्हटलं, हजारो असतील. ‘मग त्यांच्या लेकींना कसं कळायचं?’

तिला मी तिची आई काय म्हणाली होती ते सांगितलं. डबा, पालथी प्रिंट, सगळं. ती म्हणाली, ‘आईनं टाकून तर दिली न्हाई ना.’

आता तुम्हीच सांगा. पालथी घातली म्हणजे नको होती? की जपून ठेवली म्हणजे हवी होती? मुलगी म्हणते नावासकट खुलं करा. आईला विचारायची सोय राहिली नाही.

सध्या एवढंच करते आहे : ज्या तालुक्यांमधले रोल आहेत त्यांच्या कॉन्टॅक्ट शीट मोठ्या छापून घेते, एसटीने नेते, तिथल्या संघटनेच्या खोलीत सतरंजीवर पसरते. बायका भिंग घेऊन वाकतात. कुणी म्हणते ही माझी जाऊ, कुणी म्हणते ही नको, हिच्या घरचे वाईट आहेत. नको म्हटलेल्या फ्रेमवर मी लाल पेन्सिलने फुली मारते. मुलीचं आणि आईचं जुळत नाही तिथे प्रश्नचिन्ह काढते. आतापर्यंत दोन तालुके झाले. प्रश्नचिन्हं फुल्यांपेक्षा जास्त आहेत. आणि ऑर्वोच्या त्या पट्ट्यांचा वास दर पावसाळ्यात वाढतो आहे.