तुम्ही विचारलंत म्हणून: नौपाड्यात चांगलं कुठे मिळतं?

घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये राहायला गेलेली मंडळी रविवारी ठाण्यातल्या आमच्या नौपाड्यात यायचं ठरवतात आणि आदल्या रात्री मला विचारतात, "काकू, तुम्ही तिथल्याच ना? मग चांगलं कुठे मिळतं ते सांगा की." पूर्वी एकटी भाची विचारायची, आता तिच्या सासरची माणसंही विचारतात. मी उलट विचारते, "किती वाजता येताय?" त्यांना वाटतं, काकू टाळतेय.

टाळत नाही हो. पण सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत सारखंच चांगलं असेल असं एकही ठिकाण मला माहीत नाही, आणि असलं तर त्याचा मला जरा संशयच येईल.

आता वडा घ्या. गजाननचा वडापाव आणि त्याबरोबरची ती पातळ, पिवळी बेसनाची चटणी खायला लोक लांबून येतात. स्टेशनजवळच्या कुंजविहारचा वडा एवढा मोठा, की आमच्यासारख्यांना एकात दोघांचं भागतं. दोन्हीकडे जावं. पण इथला माणूस पाटी वाचून वडा घेत नाही, घाणा बघून घेतो. परातीत वड्यांचा ढीग दिसला की आम्ही तसेच पुढे जातो. कोथिंबीर घ्यायची असते, इस्त्रीचे कपडे आणायचे असतात, तेवढं उरकतो आणि झारा कढईत उतरला की परत येतो. नवा घाणा निघायच्या सुमाराला ओळखीची माणसं बरोबर तिथे कशी उगवतात हे बघण्यासारखं असतं. कुणीच घाईत नसल्यासारखं दाखवतं. परातीतला वडा सादळलेला, आत कोमट. तोच निघाल्या निघाल्या खाल्ला तर जीभ भाजते, पण आवरण कुरकुरीत लागतं आणि आतलं आलं-लसूण वेगळं कळतं. दुकान तेच, माणूस तोच. मग नेटवर एकजण पाच तारे देतो आणि दुसरा एक, त्यात कुणी खोटं बोलत नाही.

मामलेदार मिसळीचंही तेच. तहसील कचेरीच्या आवारातली ही मिसळ 1946पासूनची. आता शाखाही निघाल्यात, पण जुनी माणसं मूळ ठिकाणीच जातात. तिखट किती हवं ते आधी सांगावं लागतं आणि पाहुण्यांना तिथे शौर्य दाखवायची फार हौस. मी म्हणते, मध्यम घ्या. वरून तर्री मागून घेता येते, घातलेली काढून टाकता येत नाही. "बसायला नीट जागा नाही, मागे लोक उभे राहतात" अशी तक्रार वाचली होती कुठेतरी. खरीच आहे. दुसऱ्याचं ताट संपायची वाट बघत त्याच्या खुर्चीमागे उभं राहणं आम्हाला खटकत नाही, तुम्हाला खटकेल. तसं असेल तर सकाळी लवकर जा, नाहीतर मधल्या वारी जा. गप्पा मारत तासभर बसायचं असेल तर तलावपाळीच्या कठड्यावर बसा की, तिथे कुणी उठवत नाही.

खाण्याचंच सगळे विचारतात. माझ्या मते कुठली वस्ती राहण्याजोगी आहे हे तिथल्या गिरणीवरून कळतं, आणि गिरणी कुठली चांगली हे मला आजवर एकाही पाहुण्यानं विचारलेलं नाही.

आमच्या गिरणीत डबा ठेवून निघून जायचं नसतं. आधी विचारायचं, "आता काय लावलंय?" बाजरीच्या मागे गहू लावला की सुरुवातीचं पीठ काळपट येतं आणि त्या दिवशीच्या पोळ्यांवरून घरात बोलणी खावी लागतात. आमचा गिरणीवाला हे स्वतःहून सांगतो: "वहिनी, तांदूळ होऊ देत मधे, मग तुमचे गहू घेतो." राजगिरा नि शिंगाडा त्यानं ठरवलेल्या दिवशीच, जातं पुसून. भाजणी घेऊन गेलं की डब्याचं झाकण काढून आधी हात आत घालतो. कोमट लागली तर दळत नाही, सरळ परत पाठवतो. "संध्याकाळी आणा, गार होऊ दे." थालिपिठाची किंचित रवाळ, चकलीची बारीक, हे त्याला सांगावं लागत नाही. सांगितलंच तर अपमान झाल्यासारखा बघतो. गणपतीच्या आधी मोदकाच्या पिठीची रांग लागते तेव्हा धुऊन सुकवलेले तांदूळ तो दाताखाली धरून बघतो. ओल राहिली असेल तर तुम्ही कुणीही असा, नंबर गेला. चिडतात बायका, मीही चिडते. पण उकड बिघडली की कुणाच्या नावानं खडे फोडायचे हा प्रश्न तरी उरत नाही.

वाण्याचंही असंच. दहा मिनिटांत घरपोच सामान मीही मागवते, साबण-टूथपेस्टला काय कळतंय. तांदूळ मात्र दुकानातूनच. "नवा आलाय, पाणी बेतानं घाला, नाहीतर गिचका होईल," हे मला ॲप सांगत नाही. मागे तूरडाळीला हात लावला तर म्हणाला, "ही राहू द्या, जुनी आहे, शिजता शिजायची नाही. परवा दुसरी येतेय." गिऱ्हाईकाला दुकानदारानंच अडवलं, त्याचा माल घ्यायला! अर्थात हाच माणूस सुट्टे नसले की चॉकलेट हातावर ठेवतो, त्याबद्दल मी त्याला काय काय बोलले आहे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शिव्या तर आम्ही सगळ्यांनाच देतो. पोळीभाजी केंद्रवालीची भाजी तेलकट, डेअरीवाल्याचं पनीर आंबट, शिंप्याची तारीख म्हणजे तिथी. पण ते घरातल्यासारखं बोलणं. खरोखर एखाद्या दुकानाबद्दल मत वाईट झालं की इथला माणूस शिव्या देत नाही, आवाज खाली करून एवढंच म्हणतो, "त्यांनी चालवायला दिलंय." पुढचं सांगायला नको. आमच्या जवळच्याच एका हॉटेलाचं हे झालं. गल्ल्यावर बसणारे काका थकले, मुलं परदेशी, हॉटेल दुसऱ्याला चालवायला दिलं. पाटी तीच, टेबलं तीच, भिंतीवरचा दत्ताचा फोटोही तोच. साबुदाण्याची खिचडी मात्र बदलली. पूर्वी दाण्याचं कूट जाडसर असायचं आणि खिचडी मोकळी. आता गोळा येतो, वर शेव. खिचडीवर शेव! बातमी जिन्याजिन्यानं पसरली. बाहेरगावच्या लोकांची गर्दी अजून असते आणि त्यांना आवडतंही. आवडू दे. त्यांनी आधीची खाल्लेली नाही.

दुसरं, इथल्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला चालल्यात. तळमजल्यावरची दुकानं उठतात, काही लांबच्या गाळ्यात जातात, काही परत येतात ती काचेचं दार आणि दुप्पट भाव घेऊन. त्यामुळे मी आज सांगितलेला पत्ता पुढच्या वर्षी पत्र्याच्या कुंपणाआड असू शकतो. जायच्या आधी फोन करा.

तर रविवारी येणार असाल तर लवकर या. गाडी आणू नका, राम मारुती रोडला फेऱ्या मारूनच पेट्रोल संपेल. रिक्षानं या. मिसळ आधी, सकाळी. मग हवं तेवढं हिंडा, खरेदी करा. वडा चारनंतर, तोही परात रिकामी दिसली तरच. सणाच्या आदल्या दिवशी मिठाईसाठी प्रशांत कॉर्नरची वाट धरू नका, रांगेत जाईल दिवस. आणि येताना दळण आणणार असाल, आणाच खरं तर, तर शनिवारी माझ्याकडे पोचतं करा. रविवारी दुपारी गिरणी बंद असते. भाजणी असेल तर गार करून आणा.