लग्न कोल्हापूरला, ससे धनकवडीत

गेल्या दिवाळीत दोन दिवसांसाठी साताऱ्याला गेलो. आमच्या दोन सशांच्या पिंजऱ्यात कोथिंबिरीची अख्खी जुडी, वाडगाभर पेलेट्स (कोरड्या खाद्याच्या गोळ्या) आणि स्टीलच्या वाटीत पाणी ठेवलं, कुलूप लावलं आणि निघालो. परत आलो तर वाटी उपडी, पेलेट्सचा लगदा आणि कोथिंबीर काळी पडून वास मारतेय. भुरी दाराशी धावत आली. शेवंती मात्र कोपऱ्यात अंग आवळून बसलेली. ट्रेमध्ये लेंड्या मोजक्याच, त्याही मिरीएवढ्या. एरवी वाटाण्याएवढ्या असतात.

डॉक्टर म्हणाले, आतडं मंदावलंय. सशाचं पोट सतत गवत चघळल्यानेच चालू राहतं आणि त्याला उलटीही करता येत नाही. बारा तास काही खाल्लं नाही तर सकाळ व्हायची वाट बघू नका, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पुढचे पाच दिवस सिरिंजने पातळ खाणं भरवत होते. शेवंतीने तेवढ्यात माझे दोन कुर्ते हिरवे केले.

मे महिन्यात कोल्हापूरला मामेबहिणीचं लग्न निघालं. चार दिवस. या वेळी आठवडाभर आधीच रंगीत तालीम घेतली.

पाण्याची बाटली नवी आणली, टोकाला स्टीलची गोळी असलेली. सशाने जिभेने गोळी ढकलली की थेंब येतो. गॅलरीत टांगली तर रात्री छान चालायची आणि दुपारी आपोआप गळायची. झाकण तीनदा बदललं, वॉशर उलटा घातला, शेवटी नवऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला: दुपारच्या उन्हात बाटलीतली हवा फुगते आणि पाणी बाहेर ढकलते. बाटली अर्धी रिकामी असली की हवा जास्त, मग गळतीही जास्त. म्हणून पिंजरा हॉलमध्ये, उन्हापासून लांब हलवला. नाहीतरी 30 अंशांच्या वर ससे उष्म्याने हैराण होतात, आणि मेमध्ये पुण्यातली गॅलरी म्हणजे तवाच. खाली कडप्प्याचा एक तुकडा टाकला, त्यावर दोघी पोट टेकून पसरतात. बाटलीच्या जोडीला चिनीमातीचा जड वाडगा ठेवला, आणि तो कोपऱ्यात तारेने बांधून टाकला. दोन किलोच्या सशाला दिवसाला साधारण 100 ते 300 मिली पाणी लागतं. आमच्या दोघी मिळून साडेचारशेच्या आसपास संपवत होत्या.

आपोआप खाणं टाकणारा डबा घ्यावा, असं नवऱ्याचं म्हणणं. मी नको म्हटलं. डबा पेलेट्स टाकेल, पण लेंड्या कोण बघणार?

शेजारच्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, त्यात काय, गाजरं घालीन की!" तिथेच पहिली वाटाघाट. गाजर गोड, ते बोटाच्या पेराएवढंच. कोबी नाही, पोट फुगतं. लसूणघास रोज नाही, त्यात कॅल्शियम फार. टिमोथी गवत मात्र हवं तेवढं, दोघी आत बसतील एवढा ढीग. पेलेट्सच्या चार दिवसांच्या पुड्या बांधून ठेवल्या, कारण प्रेमाने मूठ मोठी होते. गुरुवारी पाणी बंद असतं म्हणून दोन कळशा भरल्या. मुंग्यांसाठी पिंजऱ्याच्या पायांखाली पाण्याच्या ताटल्या ठेवल्या. आणि बाटलीवर रोज पेनाने रेघ मारायची, हे कागदावर ठळक लिहिलं.

काकू सकाळ-संध्याकाळ व्हॉट्सॲपवर लेंड्यांचे फोटो पाठवायच्या. हळदीच्या मांडवात मी ते मोठे करून बघत होते. आत्याने विचारलं, "कसलं डाळं गं हे?"

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला.

"बाटलीतलं पाणी कालच्याच रेघेवर आहे गं. वाडगा मात्र तळाला गेलाय."

"काकू, गोळी बोटाने दाबून बघा बरं."

"दाबली. थेंबसुद्धा नाही."

गोळी अडकली होती. बाटली तेवढीच असती, तर दोघी रात्रभर कोरड्या राहिल्या असत्या. काकूंनी आमच्याकडचा आणखी एक जड वाडगा शोधून आत ठेवला, आणि कुणी न सांगता बाटली व्हिनेगरमध्ये बुडवली. त्यांच्या गीझरचा शॉवरही त्या तसाच साफ करतात.

परतलो तेव्हा बाटलीवर चार दिवसांच्या रेघा होत्या, तिसरी आणि दुसरी एकावर एक. पेलेट्सची एक पुडी उरली होती. गाजरं आणलेली पाव किलो, त्यांचं काय झालं ते काकूंनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. लेंड्या वाटाण्याएवढ्या होत्या.